तरणी माणसं काठीवर आली, तर कारण कसं शोधायचं

एकाच वस्तीत तिशी-पस्तिशीतली चार-सहा माणसं काठी टेकायला लागली, की गावात कारण आधी ठरतं आणि तपास मागाहून होतो. फवारणी, नाहीतर बोअरचं पाणी. कर्नाटकात सागर तालुक्यातल्या हांडिगोडू गावी १९७० च्या दशकात असंच झालं. संशय गेला भाताच्या बांध्यांतल्या खेकड्या-मासळीवर, त्यात उतरलेल्या कीटकनाशकावर. पुढे तो घराण्यातून उतरणारा हाडांच्या वाढीचा दोष ठरला.

आधी रोगी कोणाला म्हणायचं ते लिहून काढा. ‘टोंगळे दुखतात का?’ असं विचाराल तर कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धं गाव हो म्हणेल. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालेलं, सहा महिन्यांहून जुनं आणि उकिडवं बसता न येणारं, एवढी अट कामाला पुरते. आशाताईंना घेऊन घरोघर जा. दवाखान्यातली यादी चालत नाही, अंथरुणाला खिळलेले तिथे पोहोचतच नाहीत. वय आठवत नसेल तर ‘लग्नाआधी की नंतर?’ विचारा.

मग प्रत्येकाची तीन पिढ्यांची वंशावळ काढा, धडधाकट भावंडांसकट, आणि त्याच कागदावर कोण कोणत्या हापशीचं पाणी पितं ते मांडा. खरी गोम सुना आणि लेकींत आहे. बाहेरगावची सून पंधरा-वीस वर्षांनी आखडली, तर पाणी किंवा ताट तपासा. दूर दिलेल्या लेकीची तिकडेच वाढलेली पोरं लंगडू लागली, तर घराण्याच्या रक्ताकडे वळा.

यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड, म्हणजे पाण्यातून पोटात जाऊन हाडं-सांधे आखडवणारा क्षार, वगळून चालणार नाही. हापशी पाच मिनिटं चालवा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा आणि तिथेच क्रमांक टाका. काचेची बाटली नको, तिच्यात आकडा बिघडतो. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा नमुना घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा; पण १.८ आले म्हणून कारण सापडलं असं नाही. हाडांवरचा परिणाम बहुधा ३ ते ६ मिलिग्रॅमचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेल्यावर दिसतो. पायाची बोटं धरायला, हनुवटी छातीला लावायला, हात मानेमागे न्यायला सांगा. दातांवरचे तपकिरी पट्टे लहानपणीच्या पाण्याचे असतात, म्हणून सुनेचे दात पांढरे दिसले तरी तिला वगळू नका.

एक्स-रे कोपरापासून मनगटापर्यंतचा आणि कंबरेचा काढा. हाताच्या दोन हाडांमधला पडदा चुन्यासारखा पांढरा दिसला, तर फ्लोराइड. खुब्याचा गोळा बसका असेल तर आधी सिकलसेल, म्हणजे घराण्यातून उतरणारा रक्ताचा आजार, बघा. पूर्व विदर्भात त्याने खुब्याचं हाड मरतं आणि तरण्या पोराची चाल बिघडते. प्रत्येक रोग्याची सोल्युबिलिटी ही सिकलसेलची पहिली रक्तचाचणी करा, पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी. माणूस चवड्यांवर चालतो, पाय ताठ, पण सांधे स्वच्छ, तर तो लाखोळीची डाळ खाऊन आलेला लकवा असू शकतो. ‘लाखोळी खाता का?’ एवढ्याने भागत नाही. सलग किती महिने आणि दोन्ही वेळा का, हे विचारा.

एका रोग्यामागे त्याच वयाची, त्याच वस्तीतली दोन निरोगी माणसं घ्या आणि प्रश्न हुबेहूब तेच ठेवा. नाहीतर सगळं गाव जी हापशी वापरतं तीच गुन्हेगार दिसते.

वंशावळीवर नावं नकोत, क्रमांक टाका. नावांची वही वेगळी, कुलपात. तो कागद ग्रामपंचायतीच्या टेबलावर राहिला, तर त्या घरातल्या मुलींचे सोयरे मागे फिरतात, आणि दुसऱ्या फेरीला रक्त द्यायला कोणी दार उघडत नाही.