कोकणात बॉक्सवूड कशाला? कुंती लावा, पण वेळेवर कापा

परदेशी बागांचे फोटो बघून बॉक्सवूड, म्हणजे कापून आकार देतात ते गच्च हिरवं झुडूप, मागवणाऱ्यांनो, ते थंड हवेचं झाड आहे. आपला दमट उकाडा, जांभ्याची आम्लधर्मी माती आणि चार महिन्यांचा पाऊस यांत त्याची मुळं कुजतात. तसंच गच्च, बारमाही हिरवं झुडूप हवं तर कुंती लावा. कढीपत्त्याच्या भावकीतली आहे, इथे रुजते. समुद्राचा खारा वारा थेट अंगावर येत असेल तर मात्र तो सोसणारं कुंपणाचं झुडूप, कोयनेलच.

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की छोट्या पानांची रोपं दीड-दीड फुटावर लावा. शेणखत घाला. खाली कातळ लागला तर चिरे लावून वाफा उंच करा. पाणी तुंबू देऊ नका.

खरी गोम कापणीत आहे. "आधी वाढू दे, मग आकार देऊ" हा नर्सरीवाल्यांचा सल्ला ऐकू नका. तसं वाढलेलं झुडूप वर झुपकेदार आणि खाली नुसत्या काटक्या असं होतं, आणि बुंध्याशी मग सहजी पालवी येत नाही. हस्त सरला, ऊन पडू लागलं की जेमतेम दोन फुटांचं रोप निम्म्यावर छाटा. हो, निम्म्यावर. घरचे बोंब मारतील, मारू देत. कात्री पेराच्या जरा वर चालवा. कापाखालून दोन-तीन फुटवे निघतात. ते चार बोटं लांबले की त्यांचे शेंडे खुडा. पुन्हा फुटले, पुन्हा खुडा. खालचा भाग भरेपर्यंत उंची वाढू द्यायची नाही.

आकार तळाशी रुंद, वर किंचित निमुळता ठेवा. उलटं केलंत तर वरची सावली खालची पानं मारते. इतकी साधी गोष्ट, पण हॉटेलांच्या बागांतसुद्धा सर्रास उलटंच दिसतं.

एप्रिल-मेमध्ये जोरात छाटू नका, आतली कोवळी पानं उन्हाने करपतात. आषाढातही कात्री बंद: काप सुकत नाहीत, कापलेला पाला आत अडकून कुजतो आणि बुरशी येते. एरवीही कापून झाल्यावर झुडूप हलवून पाला झाडून टाका.

लिंबावरच्या अळ्या कुंतीवरही येतात. हाताने वेचा.

फुलं नव्या शेंड्यांवर येतात, म्हणजे सतत कापलेल्या कुंतीला ती कमीच. वास हवा असेल तर खिडकीजवळचं एक रोप न कापता सोडा.