ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज बायोसमधून बदलताय? या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीतून सेकंडहँड आरएक्स 570 (एएमडीचं ग्राफिक्स कार्ड) घेतलेला माझा मावसभाऊ रविवारी सकाळीच कार्ड पिशवीत घालून दारात. "दादा, व्होल्टेज उतरवलं, तरी वॉट तेवढेच दाखवतंय."

बायोस म्हणजे कार्डातल्या चिपवर साठवलेला, कार्ड चालवणारा प्रोग्राम. पोलारिस ही आरएक्स 570 ची चिप-पिढी. तिचा बायोस बदलायच्या पोलारिस बायोस एडिटरमध्ये त्याने कोअरचा (मुख्य प्रोसेसरचा) शेवटचा, म्हणजे सर्वाधिक वेगाचा टप्पा 1150 वरून 1050 मिलिव्होल्टवर आणला होता. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणजे कोअरचा वापर साधारण 17 टक्के कमी व्हायला हवा. घोळ खालच्या, मेमरीच्या तक्त्यात होता. "मेमरीला थोडं जास्त असू दे" म्हणून तिथे त्याने 1150 भरून ठेवले होते. त्या रकान्याच्या नावावर जाऊ नका. पोलारिसमध्ये तो मेमरी चिपचं व्होल्टेज ठरवत नाही, कोअर किती खाली उतरू शकेल ते ठरवतो. मेमरी पूर्ण वेगात असली की कोअर त्या आकड्याखाली जातच नाही. 1050 लिहा नाहीतर 900, उपयोग शून्य.

त्याच तक्त्यांत 65282 ते 65288 असे आकडे दिसतात. ते मिलिव्होल्ट नव्हेत. तुमच्या चिपला किती व्होल्टेज लागेल ते कार्डाने स्वतः ठरवावं, अशी ती खूण असते. 65288 मधून 50 वजा करणारे महाभागही असतात!

आकडा आधी आफ्टरबर्नर या विंडोजमधूनच व्होल्टेज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा, आठवडाभर गेम खेळा, मगच बायोसमध्ये लिहा. डिसेंबरच्या थंडीत टिकलेला आकडा एप्रिलच्या दुपारी दगा देऊ शकतो, तेव्हा 20-25 मिलिव्होल्ट जास्तच ठेवा.

त्याआधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बायोसची मूळ फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि ती कार्डं बाजारात आली, त्यामुळे जुन्या कार्डातली 'मूळ' फाइलही आधीच कुणीतरी बदललेली असू शकते. मित्राच्या कार्डाची फाइल तर घेऊच नका: मॉडेल तेच असलं तरी एकात सॅमसंगची मेमरी, दुसऱ्यात हायनिक्सची, आणि दोन्हींचे टायमिंग (डेटा वाचण्या-लिहिण्याच्या वेळा) वेगळे.

फ्लॅश केल्यावर (नवा बायोस कार्डात लिहिल्यावर) ड्रायव्हर चालेना, म्हणून कार्ड मेलं असं समजू नका. बदललेल्या बायोसची डिजिटल सही जुळत नाही, एवढंच. ड्रायव्हरची ही तपासणी बाजूला सारणारा एटीआयकेएमडीएजी पॅचर चालवा, आणि ड्रायव्हर अपडेट केलात की पुन्हा चालवा. एनव्हिडियावाल्यांनी या भानगडीत पडू नये. 2016 च्या पास्कलपासून सही नसलेला बायोस कार्ड सहसा स्वीकारत नाही.

यूपीएस नसेल तर निदान गुरुवारी फ्लॅश करायला बसू नका, आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज त्याच दिवशी जाते.

तरीही स्क्रीन काळी झाली, तर आधी कार्डावर ड्युअल बायोसचा (दुसऱ्या, राखीव बायोसवर नेणारा) स्विच आहे का बघा. नसेल तर मदरबोर्डच्या डिस्प्लेवर पीसी चालू करून जुनी फाइल परत भरा. तेही जमलं नाही, तर सीएच341ए प्रोग्रामर (बायोसच्या चिपवर थेट लिहिणारं उपकरण) आणि त्याची क्लिप. कार्ड पीसीतून काढूनच क्लिप लावा, आणि तिची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडे येऊ द्या.