नीटचा पॅटर्न बदलला की अभ्यासात नक्की काय बदलायचं

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, पॅटर्न बदलल्याची बातमी आली रे आली की ग्रुपवर गोंधळ सुरू होतो आणि मुलं लगेच नवीन टेस्ट सिरीज, नवीन टाइमटेबल, काहीजण तर थेट नवीन क्लास शोधायला लागतात. जरा थांबा. आधी एनटीएचं, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं, इन्फर्मेशन बुलेटिन उघडा (यूट्यूबवाल्याचा थंबनेल नाही) आणि बदल कशात झालाय ते बघा, सिलॅबसमध्ये की पेपरच्या रचनेत, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक जण तिथेच घोळ घालतात.

आत्तापर्यंत काय काय झालं ते पटकन बघू. २०२० पर्यंत १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे कंपल्सरी. २०२१ ला २०० प्रश्न आले, फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी प्रत्येकाला सेक्शन ए मध्ये ३५ आणि बी मध्ये १५, त्यातले कुठलेही १० सोडवायचे. २०२२ ला वीस मिनिटं जास्त मिळाली. आणि २०२५ ला ऑप्शनही गेले, वीस मिनिटंही गेली, परत १८० ला १८०. मधल्या काळात २०२४ साठी एनएमसीने (मेडिकल शिक्षणाची नियामक संस्था) सिलॅबस कापला, सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, डायजेशन असे चॅप्टर गेले, आणि फिजिक्समध्ये एक्सपेरिमेंटल स्किल्सचं युनिट आलं म्हणजे व्हर्नियर, स्क्रू गेज वगैरे, जे मुलं "प्रॅक्टिकलचं आहे" म्हणून सोडून देतात. सोडू नका, सोपे मार्क आहेत ते.

आता खरी अडचण जुन्या पेपरांची. २०२० आणि आधीचे पेपर रचनेत जुळतात पण सिलॅबस जुना, २०२४ चा सिलॅबसमध्ये जुळतो पण रचना वेगळी, आणि २०२१ ते २०२३ तर दोन्हीकडून लंगडे. म्हणून पेपर जसाच्या तसा लावून बसू नका. २०२० आणि आधीच्या पेपरात कापलेल्या चॅप्टरचे प्रश्न आधी दुसऱ्या कुणाकडून खोडून घ्या (स्वतः खोडायला बसलात तर पेपर वाचून होतो मग टेस्टला काय अर्थ), आणि जेवढे प्रश्न उरले तेवढीच मिनिटं लावा. २०२१ ते २०२४ च्या पेपरात सेक्शन ए पूर्ण आणि बी मधले पहिले १० घ्या. पहिले १०, आवडीचे १० नाही! चारही भाग मिळून बरोबर १८० होतात, वेळ १८० मिनिटं. २०२१ ते २०२३ मध्येही कापलेल्या चॅप्टरचे प्रश्न आधी खोडायचेच, मग वेळही तेवढी कमी.

आवडीचे का नाही, तर ऑप्शनमुळे एक सवय लागली होती. फिजिक्समधला एखादा चॅप्टर मुद्दाम सोडायचा, रोटेशन म्हणा नाहीतर अल्टरनेटिंग करंट, आणि बी मध्ये निभावून न्यायचं. आता ते चालत नाही, पाच प्रश्न सोडले की सरळ २० मार्क गेले. म्हणून सोडलेल्या चॅप्टरची लिस्ट काढा आणि त्यात मास्टरी वगैरे नको, फक्त फॉर्म्युला आणि सरळ प्रश्न येतील एवढं करा.

वेळेचं म्हणाल तर २०२२ ते २०२४ मध्ये सोडवायच्या प्रत्येक प्रश्नाला साधारण ६७ सेकंद यायचे, आता ६०, आणि त्यातच ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोळे भरायचे. बायोचे ९० प्रश्न ४५ ते ५० मिनिटात संपवायची सवय लावा म्हणजे फिजिक्सला श्वास घ्यायला जागा राहते. घरी टेस्ट देतानाही ओएमआर प्रिंट काढून काळ्या पेनानेच भरा, वहीत ए बी सी डी लिहून वेळ मोजली तर ती वेळ खोटी आहे.

निगेटिव्ह मार्किंगची भीती पण जरा मोजून बघा. बरोबर उत्तराला चार मार्क आणि चुकीला वजा एक, म्हणजे चारातले दोन पर्याय खात्रीने उडवता आले तर तुक्का मारण्यात सरासरी दीड मार्काचा फायदाच आहे. एकही उडत नसेल तर फायदा पाव मार्काचा, तिथे डोकं घालून वेळ घालवू नका.

आणि मार्कांचं टार्गेट भिंतीवर चिकटवलं असेल तर काढून टाका. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला पहिल्या आलेल्या मुलाला ६८६, जनरलचा क्वालिफाइंग कटऑफ १६२ वरून १४४ वर आला. मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचं कॉलेज ठरवता येत नाही, त्यापेक्षा ज्या टेस्ट सिरीजला भरपूर मुलं बसतात तिथली रँक बघत जा.

राहिला प्रश्न कॉम्प्युटरवर परीक्षा होण्याचा. ही चर्चा अधूनमधून उठतेच, त्यासाठी आत्तापासून वेगळं काही करायची गरज नाही. एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ग्रुप तुम्ही बहुतेक भरताच, ती कॉम्प्युटरवरच असते, तर तिच्या मॉकमध्ये स्क्रीनवर वाचून रफ कागदावर गणित मांडायची प्रॅक्टिस आपोआप होते. फक्त तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे सीईटीचे मॉक आणि नीटचे मॉक एकाच आठवड्यात मिसळू नका, नाहीतर सगळे गोळे भरत सुटायची सवय लागते.