मनी प्लांट जगतो, पण वाढत का नाही? या चुका टाळा

जुन्या सोसायटीच्या आवारात नारळावर चढलेला मनी प्लांट नीट बघा. जमिनीलगत पान तळहाताएवढं असतं आणि दहा-पंधरा फुटांवर तेच सुपाएवढं, कडेने फाटलेलं. घरात टीव्हीशेजारी ठेवलेला वेल मात्र चार वर्षांनीही विड्याच्या पानाएवढंच पान देत राहतो. जात एकच. पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, अळूच्या कुळातला हा वेल झाडाला धरून वर चढतो आणि चढता चढता पान मोठं करतो. तो सहजासहजी मरत नाही, त्यामुळे आपलं काही चुकतंय हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

वार ठरवून पाणी घालणं

मनी प्लांट मेलाच, तर बहुतेक वेळा याच कारणाने. ‘सोमवार-गुरुवार एक तांब्या’ हा नियम एप्रिलमध्ये ठीक वाटतो, पण जुलैच्या दमट हवेत तीच कुंडी दहा-बारा दिवस सुकत नाही. मातीतली हवेची जागा पाण्याने भरली की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी शिरते. मातीत बोट दोन पेरं खोल घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि दिलं की खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

पान पिवळं पडलं म्हणजे पाणी जास्तच झालं, असंही नाही. दीड-दोन महिन्यांनी तळाचं एखादं पान पिकणं हे वयाचं लक्षण. एकदम तीन-चार पानं पिवळी आणि माती ओली, म्हणजे मुळांचा घोळ. पानं लुळी, माती कोरडी आणि कुंडीच्या कडेपासून सुटलेली, म्हणजे तहान. अशा वेळी वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कुंडी वीस मिनिटं बादलीत, काठाच्या जरा खालपर्यंत बुडवून ठेवा.

मुळांची शंका आली तर वेल उपसून बघा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत ओढलं की साल हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते आणि वास गटारासारखा येतो. असं मूळ कात्रीने काढून टाका आणि उरलेल्या मुळांच्या मापाचीच कुंडी घ्या. ‘मोठी कुंडी, भरपूर वाढ’ हा हिशोब इथे उलटा पडतो, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

नुसती लाल माती

नर्सरीतली लाल माती चार पाण्यांत दगड होते. चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत, दोन भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा भरड वाळू आणि दोन भाग नारळाच्या शेंड्यांचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे असं मिश्रण करा. कोकोपीट आधी दोनदा धुवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. समुद्राची वाळू नको.

मॉस स्टिक आहे, पण कोरडी

मॉस स्टिक म्हणजे वेलाला चढायला कुंडीत उभी केलेली, ओलावा धरणारी काठी. पान लहान राहण्याचं खरं कारण बऱ्याचदा इथे असतं. बाजारात मिळणारी बहुतेक ‘मॉस स्टिक’ म्हणजे पाइपवर गुंडाळलेला काथ्या. त्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे गाठीवरची (पान जिथे खोडाला जुळतं त्या सांध्यावरची) हवाई मुळं आत शिरत नाहीत. वेल काठीला बांधलेला दिसतो, पण त्याने काठी धरलेली नसते.

घरी करायला सोपं आहे. अर्ध्या इंची छिद्रांची प्लास्टिकची जाळी घ्या, अडीच-तीन इंच व्यासाची नळी करून केबल टायने शिवा. आत भिजवलेलं कोकोपीट आणि शेंड्यांचे तुकडे हलकेच दाबून भरा. कुंडी बदलतानाच ती तळाला टेकेल अशी उभी करा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. वेलाची मुळं फुटणारी बाजू जाळीकडे करा आणि गाठीजवळ सुती दोऱ्याने सैल बांधा. पानाचा देठ बांधू नका, पान उजेडाकडे वळायचं थांबतं. मग काठीच्या वरच्या तोंडातून थोडं थोडं पाणी देऊन ती कायम ओलसर ठेवा. मुळं आत शिरली की पुढची चार-पाच पानं मोजून बघा, फरक दिसतो. फाटलेल्या पानांची आशा मात्र घरात धरू नका. आणि वेल खाली लोंबता ठेवला की पानं बारीकच येणार.

अंधारा कोपरा

‘सावलीतलं झाड’ म्हणजे अंधारातलं झाड नव्हे. दुपारी पानावर हाताची पुसट सावली पडली पाहिजे. खिडकीपासून दोन ते चार फूट बरं. उजेड कमी पडला की दोन पानांतलं अंतर वाढतं आणि पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होतात. पश्चिमेच्या खिडकीतल्या एप्रिलच्या उन्हात उलट पानावर भाजल्याचे डाग पडतात.

बाटलीतली उपासमार

मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो म्हणतात. घाईत नुसतं देठासकट पान खुडून आणलं तर काहीच लाभत नाही: त्याला मुळं फुटतील, पण डोळा (नवा कोंब फुटण्याची जागा) नसल्यामुळे वेल होणार नाही. गाठीच्या अर्धा इंच खाली कापा. पाणी आठवड्याने बदला. साध्या पाण्यात अन्न नसतंच, म्हणून महिन्यातून एकदा लिटरला पाव ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) घाला. मातीत हेच खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी, आणि तेही वाढ चालू असतानाच. कुंडीत लावायचं असेल तर मुळं दोन-तीन इंच झाली की लगेच लावा. वर्षभर पाण्यात वाढलेली मुळं मातीत रुळत नाहीत.

पानांना दूध-तेल

चकाकीसाठी दूध किंवा खोबरेल लावू नका, धूळ चिकटते. ओलं फडकं पुरे. पुसताना देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून घ्या. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण ढवळून, संध्याकाळी, पानांच्या मागूनही फवारा. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा करा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं येत राहतात.

छाटणी करताना हातमोजे घाला, याच्या चिकात अळू-सुरणासारखेच खाजरे स्फटिक असतात. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर लोंबत्या फांद्या आणि कापलेले तुकडे त्यांच्या हाती-तोंडी लागू देऊ नका.