इंग्रजीतला स्वल्पविराम मराठी कानाने देऊ नका

मराठी माध्यमातून शिकून पुण्यात नोकरीला लागले, तेव्हा परदेशी ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं लिहिणं हे माझं पहिलं काम होतं. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी माझ्या एका उत्तराची प्रिंट काढून लाल पेनने तपासून दिली. स्पेलिंग सगळी बरोबर होती. लाल खुणा होत्या त्या स्वल्पविरामांवर.

एक वाक्य असं होतं: ‘द पार्सल इज डिलेड, वुई विल रिफंड यू.’ मराठीत ‘पार्सलला उशीर झालाय, आम्ही पैसे परत करू’ हे सहज चालतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची नसतात. मध्ये पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला.

दुसरी खोड ‘की’ची. आपण ‘तो म्हणाला की,’ असं लिहितो, म्हणून ‘ही सेड दॅट’पुढेही हात आपोआप स्वल्पविराम देतो. तिथे तो नको. तसंच ‘ही आस्क्ड व्हेन द रिफंड वुड कम’ यात प्रश्न असला तरी शेवटी पूर्णविरामच येतो.

मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी आणि कोशकार मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून, इंग्रजीवरूनच रुळली. चिन्हं ओळखीची, म्हणून नियमही तेच असतील असं वाटतं आणि घोटाळा होतो.

‘इट्स’ला तर कान उपयोगाचाच नाही, कारण अपॉस्ट्रॉफी (अक्षरांमध्ये वर दिलेली स्वल्पविरामासारखी खूण) असलेलं ‘इट्स’ आणि नसलेलं ‘इट्स’, दोन्हींचा उच्चार एकच. तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. वाक्य बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, नाहीतर नको. अनेकवचनासाठी तर ती देऊच नका, दुकानांच्या पाट्यांवर कितीही दिसली तरी.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे कंपनीच्या पद्धतीवर असतं. पण अर्थ दुहेरी होत असेल तर द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची कायद्यातली यादी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशी संपत होती. माल पोचवणं हे वेगळं काम, की फक्त त्यासाठीचं पॅकिंग? ‘शिपमेंट’पुढे स्वल्पविराम नव्हता, म्हणून दोन्ही अर्थ निघत होते. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ओव्हरटाइम मागणाऱ्या, माल पोचवणाऱ्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

मेल पाठवण्याआधी मी आजही प्रत्येक स्वल्पविरामाच्या डावी-उजवीकडचा कर्ता आणि क्रियापद शोधते. दोन्हीकडे पूर्ण वाक्य निघालं आणि मध्ये जोडणारा शब्द नसला, की तो स्वल्पविराम काढून तिथे पूर्णविराम देते.