रहस्यमालिका लिहिताय? या चुका टाळा

"दादा, भारी ट्विस्ट सुचलाय!" महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. फोंड्याहून, डिचोलीहून, एकदा तर रायबंदरच्या फेरीबोटीतून आला, मागे इंजिनाची घरघर चालू. मी विचारतो, कुणाच्या आयुष्यात येतो हा ट्विस्ट? थोडा वेळ सामसूम. मग, "हिरोच्या." हिरोला अजून नाव नसतं.

अशा संहिता वाचून वाचून आता मला चुका तोंडपाठ झाल्यात. प्रेक्षक पुढचा भाग बघतो, खुनी कोण याच्या पैजा लावतो, पण पात्राला "तो चष्मेवाला" म्हणतो, तेव्हा समजावं की दुखणं खालीलपैकी एक आहे.

नायकाचं मन लपवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डिचोलीच्या चार पोरांनी सात भागांची मालिका केली. जुन्या घराच्या विहिरीत सांगाडा सापडतो आणि पुण्याहून परतलेला धाकटा मुलगा शोध घ्यायला लागतो. खरी मेख अशी की लहानपणी त्या रात्री त्याने बापाला विहिरीपाशी पाहिलेलं असतं. मी मोठ्या रुबाबात सल्ला दिला, "हे सातव्या भागापर्यंत कळू देऊ नका. धक्का बसला पाहिजे."

पावसाळ्यात एकाच्या घरी, ओसरीवर चादर लावून वाड्यावरच्या वीसेक माणसांना मालिका दाखवली. तिसऱ्या भागात तो मुलगा विहिरीच्या कठड्याला टेकून रडतो. पोरगा नाटकातला, रडला खरोखर छान. बाजूला आदोळीवर, म्हणजे विळीवर, भाजी चिरत बसलेल्या मामीने सहज विचारलं, "कित्याक रडटा तो?" का रडतो, याचं कुणापाशी उत्तर नव्हतं. उत्तर सातव्या भागात होतं! पाचव्या भागाला चहा आला आणि लोक चहाकडे वळले. शेवटी गुपित फुटलं तेव्हा मागून एकजण म्हणाला, "हां, म्हणजे बापूसच." शब्दकोड्याचा शेवटचा चौकोन भरावा तसा.

मग आम्ही पुन्हा जुळणी केली. लहानपणीची ती रात्र उचलून पहिल्या भागाच्या अखेरीस टाकली. सांगाडा कुणाचा आणि बापाने नक्की काय केलं, हे तसंच झाकलेलं ठेवलं. नवीन एक फ्रेमही घेतली नाही. पुढच्या खेपेला मुलगा बहिणीसमोर गप्प बसतो त्या जागी मामीचा हात थांबला. "सांग रे तिका," ती पडद्याला म्हणाली.

घटना हवी तेवढी लपवा, पण पात्राला जे आतून खातंय ते आम्हाला दिसू द्या. पेडण्यात दशावतार बघायला बसलेल्या कुणाला हरिश्चंद्राचं पुढे काय होतं ते ठाऊक नसतं? तरी स्मशानातल्या तारामतीला बघून पदर डोळ्यांना जातातच. 'रात्रीस खेळ चाले' आठवा. 2016 साली पहिलं पर्व सुरू झालं ते अण्णा नाईकांच्या मरणाने. 2019 चं दुसरं पर्व त्याच्या आधीची गोष्ट, म्हणजे अण्णा मरणार हे घरोघरी माहीत. तरीही अण्णा आणि शेवंता लोकांच्या तोंडी बसले ते त्याच पर्वात.

माझी सवय सांगतो. वहीत प्रत्येक प्रसंगासमोर तीन रकाने आखतो: प्रेक्षकाला काय माहीत, पात्राला काय माहीत, पात्राला भीती कशाची. तिसरा रकाना सलग दोन प्रसंगांत रिकामा राहिला की मी तिथेच थांबतो. पद्धत वगैरे काही नाही, खोड आहे.

मेलेल्या माणसाची किल्ली करणं

पहिल्या मिनिटाला प्रेत, दुसऱ्या मिनिटाला तपास. मेली ती कुणाची तरी मुलगी होती, हे कुणाच्या ध्यानातच नाही. 1990 सालच्या 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग बघा. लॉरा पामरचं प्रेत सापडतं. तिची आई फोनवर नवऱ्याशी बोलत असतानाच तिकडे त्याच्यासमोर शेरीफ येऊन उभा राहतो, आणि काय झालं ते आई फोनमधूनच ओळखते. शाळेच्या वर्गात एक बाक रिकामा असतो. मैत्रीण त्या बाकाकडे बघते, बाहेर एक मुलगी किंचाळत धावते, आणि मैत्रिणीला कुणी न सांगता कळतं. तपास आहेच, पण तो भाग मुख्यतः रडणाऱ्या माणसांचा आहे. पुढे वाहिनीच्या आग्रहावरून खुनी उघड करावा लागला आणि 1991 मध्ये मालिका बंद पडली. तरी तो बाक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

उपाय? मेलेल्याची एक वस्तू घरात ठेवा आणि ती कुणालातरी आवरायला लावा. चष्मा, औषधाची पट्टी, काहीही चालेल.

बाकीच्या, पटापट

सगळेच संशयित: प्रत्येकाचे डोळे बारीक केले की जीव कुणावर लावायचा? निदान एक माणूस सरळ ठेवा.

कोड्यावर कोडं: विमान कोसळून बेटावर अडकलेल्या माणसांच्या 'लॉस्ट' या अमेरिकन मालिकेत बेटाची कोडी ढीगभर होती, पण पहिल्या पर्वात जवळजवळ प्रत्येक भाग एकेका माणसाच्या मागच्या आयुष्यात शिरायचा. पोरं बेट उचलतात, माणसं तिथेच सोडतात.

जुळा भाऊ: नको.

प्रत्येक भागाच्या शेवटी धाडकन संगीत: तिसऱ्या वेळी लोक आवाज कमी करतात.

शेवट न ठरवता चित्रीकरण: ड्रोन भाड्याने आणायला पैसे असतात, शेवटचं पान लिहायला आठवडा नसतो. यावर मी आता भांडतही नाही, संहिता परत पाठवतो.

आणि लिहून झालं की रहस्याची अजिबात आवड नसलेल्या माणसाला वाचून दाखवा. मित्रांना नको, ते खुनी ओळखण्यातच गुंततात. मी अजून त्या मामीकडेच जातो. फक्त सकाळी जात नाही, मासळीवाली यायची असते.