नात्यांचे जाळे मांडण्याआधी प्रश्न नेमका करा

माणसांमधील संवादाचे जाळे अभ्यासताना बहुतेक चुका आलेख (माणसे म्हणजे बिंदू, त्यांच्यातील संबंध म्हणजे रेषा) काढताना नव्हे, तर प्रश्न विचारताना होतात. बचत गटात ‘तुमचे कोणाशी चांगले जमते?’ असे विचारले, तर बायका संकोचापोटी सगळ्यांचीच नावे सांगतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात कर्जाच्या हप्त्याबद्दल तुम्ही कोणाचा सल्ला घेतला?’ असा काळ आणि विषय ठरवून दिलेला प्रश्न विचारावा. उत्तरे ‘विचारणारी’ आणि ‘सांगणारी’ अशा दोन रकान्यांत नोंदवावीत, म्हणजे संबंधाची दिशा हरवत नाही. एकच बाई कोणाची ‘माई’, कोणाची ‘काकू’, तर कोणाची ‘वहिनी’ असते. प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक दिला नाही, तर एका व्यक्तीचे तीन बिंदू होतात आणि पुढचे सारे गणित फसते. क्रमांकांमुळे नावेही झाकली जातात, आणि ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

नोंदी नीट असतील, तर लहान जाळेही पुष्कळ सांगते. वेन झॅकरी यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका कराटे क्लबच्या अभ्यासात ३४ सभासद होते. क्लब फुटल्यावर कोण कोणत्या बाजूला गेले, हे एक सभासद वगळता सर्वांच्या बाबतीत त्या जाळ्यावरून अचूक सांगता आले.

जाळ्यांचे आलेख काढणाऱ्या ‘गेफी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आलेख पाहताना सर्वाधिक रेषांचा बिंदू शोधून थांबू नये. दोन घोळक्यांना जोडणारी बाई मोजक्याच रेषांची असू शकते, पण ती गावाबाहेर गेली की निरोप पोहोचायचे थांबतात. अशी बाई नोंदीतून सुटू नये, म्हणूनच मुलाखतीच्या दिवशी गैरहजर असलेल्यांकडे पुन्हा जावे.